शिव्हलरीच्या शपथा एकमेकींना भिडतात तेव्हा : गॅवेनपासून डॉन किहोतेपर्यंत

तळटीप (धागाकर्ता)

मध्ययुगीन युरोपातला नाइट म्हटलं की चिलखत, पांढरा घोडा आणि बुरुजात कोंडलेली राजकन्या एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. चित्रपटांनी आणि बालवाङ्मयाने हे चित्र इतकं पक्कं करून ठेवलंय की मूळ काव्यांकडे वळायची गरजच कुणाला वाटत नाही. मी ती काव्यं जमेल तशी, भाषांतरांतून, टिपा चाळत वाचत आलोय. माझं मत असं झालंय की यातल्या ज्या कृती टिकल्या त्यांत शिव्हलरीचे, म्हणजे नाइटांच्या आचारधर्माचे, गोडवे फारसे नाहीत. त्या कवींना रस आहे तो वेगळ्याच ठिकाणी. नाइटने घेतलेल्या दोन शपथा एकाच वेळी पाळणं अशक्य होतं, तिथे ते कथा नेऊन उभी करतात आणि मग तो माणूस काय करतो ते बघतात.

आधी शपथ काय होती ते सांगतो. टॉमस मॅलरीने आर्थर राजाच्या कथा इंग्रजी गद्यात एकत्र गुंफल्या. हे काम त्याने १४६९-७० मध्ये पुरं केलं आणि आपण कैदेतला नाइट आहोत असं त्यातच लिहून ठेवलं. विल्यम कॅक्स्टनने ते १४८५ मध्ये छापलं. यातले गोलमेजाचे, म्हणजे आर्थरच्या दरबारातले, नाइट दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला शपथ घेतात: अत्याचार आणि खून करायचा नाही, फितुरी करायची नाही, दया मागणाऱ्याला अभय द्यायचं, स्त्रियांच्या आणि विधवांच्या मदतीला धावायचं, त्यांच्यावर जबरदस्ती केली तर देहदंड, आणि अन्यायाच्या भांडणात पैशासाठी उतरायचं नाही. यातलं एकेक कलम वाचताना कुणाचीच हरकत नसते. पण राजा एकीकडे ओढतोय, प्रेयसी दुसरीकडे आणि ज्याच्या घरी आपण जेवतोय तो यजमान तिसरीकडे, अशा वेळी काय करायचं, यावर शपथ गप्प आहे.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे 'सर गॅवेन आणि हिरवा नाइट'. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, अडीच हजारांहून थोड्या जास्त ओळींचं काव्य. कवीचं नाव माहीत नाही. नववर्षाच्या मेजवानीत आर्थरच्या दरबारात एक प्रचंड हिरवा माणूस हिरव्या घोड्यावरून थेट आत येतो. एका हातात हॉलीची फांदी, दुसऱ्यात कुऱ्हाड. त्याची पैज अशी: कुणीही माझ्यावर एक घाव घालावा, बरोबर एक वर्ष आणि एक दिवसाने मी तोच घाव परत करीन. गॅवेन पुढे होतो आणि एका घावात त्याचं मुंडकं उडवतो. तो माणूस मुंडकं उचलून घेतो, आणि ते मुंडकं गॅवेनला ठरल्या दिवशी हिरव्या देवळात यायला बजावतं.

वर्ष सरतं. गॅवेन शब्दाला जागून निघतो. त्याच्या ढालीवर पंचकोनी तारा आहे आणि कवी थांबून त्याचा अर्थ समजावतो: औदार्य, बंधुभाव, निर्मळपणा, सौजन्य आणि करुणा हे पाच गुण एकमेकांत असे विणलेले आहेत की त्या गाठीला आरंभही नाही, शेवटही नाही. पुढचं सगळं काव्य म्हणजे त्या गाठीचा एकेक पदर ओढून बघणं आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी त्याला एका वाड्यात आसरा मिळतो. यजमान म्हणतो, मी रोज शिकारीला जाईन, तू घरी आराम कर, आणि संध्याकाळी दिवसभरात ज्याला जे मिळालं ते एकमेकांना देऊन टाकू. तीन दिवस यजमान रानात, आणि तिन्ही सकाळी त्याची बायको गॅवेनच्या पलंगाशी. तिला झिडकारलं तर स्त्रीदाक्षिण्याचं व्रत मोडतं. होकार दिला तर पाप तर आहेच, वर ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी गद्दारी. तिसऱ्या सकाळी कवी त्याच्या मनातलं उघड सांगतो: आपण रांगडे ठरू ही भीती त्याला आहे, आणि घरच्या धन्याचा घात होईल ही भीती त्याहून मोठी आहे. तो बोलण्याच्या कौशल्यावर निभावून नेतो. पहिल्या दिवशी हरणांच्या बदल्यात एक चुंबन, दुसऱ्या दिवशी रानडुकराच्या बदल्यात दोन, तिसऱ्या दिवशी कोल्ह्याच्या बदल्यात तीन. सगळी प्रामाणिकपणे यजमानाला परत. पण तिसऱ्या दिवशी तिने एक हिरवा कमरपट्टाही दिलेला असतो. तो बांधणाऱ्याला कुणी मारू शकत नाही असं ती सांगते, आणि तो तेवढा गॅवेन लपवतो.

हिरव्या देवळात तीन वेळा कुऱ्हाड उगारली जाते. पहिल्यांदा गॅवेनचा खांदा आक्रसतो, दुसरी हूल असते, तिसरीने मानेवर बारीकशी चीर पडते. हिरवा नाइट म्हणजेच तो यजमान. तो म्हणतो, चीर पट्ट्याबद्दल. पण तू तो हावेपायी घेतला नाहीस, तुला जीव प्यारा होता, म्हणून मी तुला फारसा दोष देत नाही. गॅवेन स्वतःला माफ करत नाही. पट्टा आडवा बांधून तो दरबारात येतो, सगळ्यांसमोर आपला कमीपणा सांगतो. दरबार मनापासून हसतो, आणि ठरवतो की यापुढे सगळेच नाइट असा हिरवा पट्टा घालतील.

हा शेवट मला फार मोठा वाटतो. गॅवेन त्याला कलंक म्हणतो, दरबार त्याचं भूषण करतो, आणि कवी दोघांपैकी कुणाच्याच बाजूने निवाडा देत नाही. मला विचाराल तर गॅवेन बरोबर आहे, आणि तो स्वतःला माफ करत नाही म्हणूनच तो त्या दरबारातला सर्वोत्तम नाइट आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या वाचनात असे पेच कुठे आलेत?

अबोली

अप्रतिम धागा. पदवीच्या मुलांना हे शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. पेचाचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्याकडून लान्सलॉटच्या, म्हणजे आर्थरच्या राणीवर प्रेम करणाऱ्या त्याच्याच नाइटच्या, दोन जागा.

पहिली क्रेतिअँ द त्र्वाच्या फ्रेंच काव्यातली, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. राणी गिनिव्हिअरला पळवून नेलंय. लान्सलॉटचा घोडा मेलाय. वाटेत एक ठेंगू माणूस गाडी हाकत येतो आणि म्हणतो, गाडीत बस, उद्यापर्यंत राणीचा ठावठिकाणा कळेल. पण ती गाडी चोर-खुन्यांची गावातून धिंड काढायची. त्यात बसलेल्याची अब्रू कायमची गेली. बुद्धी म्हणते नको, प्रेम म्हणतं चढ. तो दोन पावलं घुटमळतो आणि चढतो. पुढे तो तलवारीच्या धारेचा पूल उघड्या हातापायांनी, रक्तबंबाळ होत ओलांडतो. राणीसमोर येतो, तर ती तोंड फिरवते. कारण नंतर कळतं: ती दोन पावलं. नाइटची अब्रू आणि प्रियकराची निष्ठा यांतली निवड करायला त्याला दोन पावलांचा वेळ लागला, हाच गुन्हा.

दुसरी जागा मॅलरीची, आणि तिथे प्रकरण जिवावर जातं. लान्सलॉटशी संबंध असल्याच्या आरोपावरून राणीला जाळायची शिक्षा झालीय. राजा गॅवेनच्या भावांना, गॅहेरिस आणि गॅरेथला, तिथे हजर राहायला सांगतो. त्यांना हे मंजूर नाही, राजाज्ञा मोडवतही नाही, म्हणून ते नि:शस्त्र, चिलखताविना जातात. लान्सलॉट राणीला सोडवायला गर्दीत घुसतो, डावी-उजवी तलवार चालवतो आणि न ओळखता दोघांनाही मारतो. गॅरेथला नाइट केलं होतं ते लान्सलॉटनेच, आणि गॅरेथचा त्याच्यावर सख्ख्या भावांपेक्षा जास्त जीव होता. यानंतर गॅवेन सूडाने पेटतो, आणि गोलमेज फुटतं.

इथे खलनायकाच्या अंगावर सगळं ढकलता येत नाही, हे मॅलरीचं बळ. राजावर उलटणारा मॉर्ड्रेड आहेच, पण लान्सलॉटने स्त्रीला वाचवण्याची शपथ पाळली, गॅरेथने राजाची पाळली, आणि त्यातूनच नि:शस्त्र माणसं मेली. राजा आर्थरची प्रतिक्रिया तर मुलांना हादरवते. तो म्हणतो, राणी गेल्यापेक्षा मला माझे नाइट गेल्याचं दुःख जास्त आहे; राण्या मला पुष्कळ मिळतील, पण अशी नाइटांची संगत पुन्हा एकत्र येणार नाही.

कृष्णाकाठ

धागा उत्तम, पण माझा मूलभूत आक्षेप आहे. हे सगळे पेच वरच्या वर्गातल्या माणसांचे आपसातले आहेत. शिव्हलरी लागू कुणाला होती, हा प्रश्न तुम्ही दोघांनीही बाजूला ठेवलाय.

आंद्रेआस कॅपेलानसचा प्रेमावरचा लॅटिन ग्रंथ घ्या, ११८० च्या दशकातला. उमराव स्त्रीशी कसं बोलायचं, कसं आर्जव करायचं यावर पानंच्या पानं संवाद आहेत. आणि शेतकरी स्त्रीवर मन गेलं तर? एक छोटंसं प्रकरण: तिची थोडी स्तुती करा आणि सोयीची जागा सापडली की जबरदस्ती करायला कचरू नका. हा ग्रंथ किती गांभीर्याने लिहिलाय यावर अभ्यासकांत वाद आहे, पण वाक्य आहे ते आहे.

चौदाव्या शतकातल्या फ्रोआसार या बखरकाराच्या बखरीतलं लिमोज शहर घ्या, १३७०. इंग्लंडचा युवराज, ज्याला ब्लॅक प्रिन्स म्हणतात, आजारपणामुळे वाहनात बसून शहरात शिरतो. बायका-मुलं गुडघे टेकून दया मागतात, तिकडे कुणी लक्ष देत नाही. फ्रोआसार तीन हजारांहून जास्त मेल्याचं लिहितो. आधुनिक इतिहासकार हा आकडा खूपच फुगवलेला मानतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्याच शहरात तीन फ्रेंच नाइट भिंतीला पाठ लावून इंग्रज सरदारांशी झुंजतात. युवराज आपलं वाहन थांबवून ती लढत बघत राहतो, खूश होतो, त्याचा राग निवळतो, आणि त्या तिघांना कैदी म्हणून अभय मिळतं. गुडघ्यावर बसलेल्यांना नाही मिळालं, तलवार चालवणाऱ्यांना मिळालं. शिव्हलरी कुणासाठी होती ते या एका पानावर लिहिलंय.

आणि मॅलरी. अभ्यासक ज्या टॉमस मॅलरीला लेखक मानतात त्याच्यावर १४५० च्या दशकात दरोडा, खंडणी आणि बलात्कार असे आरोप होते. आरोप शाबीत झाले नाहीत, खटला पुरा चाललाच नाही, हे मान्य. तरी ती पेंटेकॉस्टची शपथ याच माणसाच्या लेखणीतून आलीय हे विसरून मला ती वाचता येत नाही.

तळटीप

कृष्णाकाठ, लिमोजचा दाखला जबरदस्त आहे आणि मी तो नाकारणार नाही. पण तुमचा प्रश्न त्या काळच्या कवींनाही पडला होता, एवढं मला दाखवायचंय.

क्रेतिअँच्याच 'इव्हेन'मध्ये नायक एका किल्ल्यात पोचतो. आत तीनशे मुली रेशीम आणि सोन्याच्या तारा विणताहेत. अंगावर फाटके कपडे, चेहरे भुकेने ओढलेले. त्यांतली एक त्याला हिशोब सांगते: आमच्या हातच्या कामातून एक लिव्र आलं, तर त्यातले चार दनिए आमच्या वाट्याला. एका लिव्रचे दोनशे चाळीस दनिए होत, म्हणजे साठावा हिस्सा. जिला आठवड्याला वीस सू, म्हणजे एक लिव्र, मिळतात तीसुद्धा हलाखीतून सुटत नाही, आणि ज्याच्यासाठी आम्ही राबतो तो आमच्या मजुरीवर श्रीमंत झालाय, असंही ती म्हणते. आठशे वर्षांपूर्वीच्या दरबारी काव्यात मजुरीचा हा हिशोब आकड्यांसकट आलाय. दरबारातल्या स्त्रिया जे रेशीम नेसून हे काव्य ऐकत असतील, त्याच रेशमाबद्दल कवी बोलतोय. इव्हेन दोन राक्षसी योद्ध्यांना हरवून त्या सगळ्यांना सोडवतो.

मॅलरीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शपथ पाळणाऱ्यानेच ती लिहावी असा आग्रह धरला तर कपाटं रिकामी होतील. ज्याने गुलाबांच्या युद्धांत, म्हणजे पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीत, फितुरी जवळून पाहिली त्याने फितुरीविरुद्धचं कलम वरच्या बाजूला ठेवावं, यात मला तळमळ दिसते. पण त्या आरोपांतल्या पीडित स्त्रीच्या बाजूने कुणी वाचत असेल तर माझा हा युक्तिवाद तिला पुरेसा वाटणार नाही, हेही कळतं.

हिरवाचाफा

मी त्या बाजूने वाचणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहिते.

या सगळ्या वाङ्मयात स्त्रीला वाचवतात. तिला काय हवंय ते विचारत नाहीत. तळटीप, तुम्ही गॅवेनच्या पश्चात्तापाचं एवढं कौतुक केलंत, पण एक जागा गाळलीत. चूक उघडी पडल्यावर गॅवेन हिरव्या नाइटसमोर यादीच वाचतो: आदमला बाईने फसवलं, सॉलोमनला फसवलं, सॅम्सनला, डेव्हिडला, मग माझं काय नवल. पाच गुणांची गाठ ढालीवर मिरवणारा माणूस एका क्षणात दोष स्त्रीजातीवर टाकतो. कवीने हे मुद्दाम ठेवलंय असं मी मानते, कारण ते गॅवेनच्या तोंडी इतकं बेसूर वाटतं.

चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरने मात्र तो प्रश्न थेट विचारला. त्याच्या 'वाइफ ऑफ बाथ'च्या कथेत आर्थरच्याच दरबारातला एक नाइट वाटेत भेटलेल्या मुलीवर बलात्कार करतो. कायद्याने त्याला मरण आहे. राणी मध्ये पडते आणि त्याला एक वर्ष आणि एक दिवस देते: स्त्रियांना सगळ्यात जास्त काय हवं असतं, याचं उत्तर शोधून आण. एका म्हाताऱ्या बाईकडून त्याला उत्तर मिळतं, नवऱ्यावर आणि प्रेमावर सत्ता. किंमत म्हणून तिच्याशी लग्न करावं लागतं. पहिल्या रात्री तो तिच्या म्हातारपणाला, गरिबीला आणि हलक्या कुळाला नाकं मुरडतो, तेव्हा ती त्याला सुनावते की थोरपण रक्तातून येत नाही, ज्याचं वागणं थोर तो थोर. नाइटला शिव्हलरी शिकवतेय ती एक कुरूप, गरीब म्हातारी. मला ही कथा पूर्ण पटत नाही, कारण त्या बलात्कारित मुलीचं पुढे काय झालं यावर कथेत एक ओळ नाही आणि गुन्हेगाराला शेवटी सुंदर बायको मिळते. पण प्रश्न बरोबर जागी विचारलाय.

गडवाट

छान चर्चा. अवांतर होईल कदाचित, पण आपल्याकडचं एक मांडतो. भीष्मपर्वात युद्धाआधी दोन्ही बाजू नियम ठरवतात: रथीने रथीशीच लढायचं, पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र टाकलेल्यावर वार नाही. आणि पुढची पर्वं म्हणजे त्यातला एकेक नियम कसा मोडला याची हकिगत. सौप्तिकपर्वात तर झोपलेल्यांनाच कापलं जातं. तळटीप यांचा मुद्दा व्यासांनाही लागू पडतो.

दुसरं, शत्रूची साक्ष. शिवाजी महाराजांवर तोंडभर टीका करणारा मुघल इतिहासकार खाफी खान हेही लिहून ठेवतो की मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव द्यायचा नाही असा त्यांचा सक्त नियम होता. मित्रांनी लिहिलेल्या शंभर स्तुतिपर ओळींपेक्षा ही कबुली मला वजनदार वाटते.

अबोली

गडवाट, अवांतर अजिबात नाही. शत्रूच्या साक्षीचा मुद्दा युरोपीय वाङ्मयातही आहे, आणि तिथे तो सलाउद्दीनच्या रूपाने येतो. ज्याने ११८७ मध्ये जेरुसलेम घेतलं त्यालाच ख्रिस्ती कवींनी शिव्हलरीचा नमुना केलं. इटालियन कवी दान्तेने त्याला नरकाच्या पहिल्या वर्तुळात, होमर आणि अ‍ॅरिस्टॉटल जिथे आहेत त्या यातनारहित भागात, एका बाजूला एकटा उभा केलाय. तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात सलाउद्दीन आपल्या कैदेतल्या ह्यू नावाच्या ख्रिस्ती सरदाराला म्हणतो, तुमच्यात नाइट कसा करतात ते मला करून दाखव. ह्यू त्याला स्नान घालतो, पांढरी वस्त्रं देतो, तलवार बांधतो, प्रत्येकाचा अर्थ सांगतो. फक्त शेवटचा मानेवरचा हलका फटका मारत नाही, कारण कैद्याने धन्यावर हात उगारणं बरं नव्हे. सगळा प्रसंग काल्पनिक आहे. पण आपला आदर्श धर्माच्या सीमेपलीकडच्या माणसात दिसू शकतो, हे त्या कवीला मान्य होतं.

उलट टोकाला रोलाँचं काव्य, साधारण ११०० चं. ७७८ मध्ये रोन्सेव्होच्या खिंडीत शार्लमेनच्या पिछाडीवर हल्ला केला तो डोंगराळ भागातल्या बास्क लोकांनी. काव्यात त्यांचे मुसलमान केले. पण त्यातही पेच आहेच. रोलाँ अब्रूपायी वेळेवर शिंग फुंकत नाही, त्याचा मित्र ओलिव्हिए तीनदा विनवतो, आणि सगळी तुकडी कापली जाते.

पेनाइन्सपल्याड

मी उत्तर इंग्लंडमध्ये राहते, म्हणून गॅवेनबद्दल थोडं. काव्याची बोली वायव्य मिडलंड्सची आहे. स्टॅफर्डशरमध्ये ग्रॅडबाखजवळ लड्स चर्च नावाची जागा आहे, आणि हिरवं देऊळ तेच असावं असं काही अभ्यासक सुचवतात. देऊळ वगैरे नाही. डोंगरात पडलेली एक खोल अरुंद चीर आहे, दोन्ही बाजूंना ओल्या काळसर भिंती, त्यावर शेवाळ आणि नेचे. आत उतरलं की अंगाला गारवा लागतो, वर आकाशाची बारीक पट्टी उरते. काव्यात गॅवेनला ती जागा बघून सैतान इथे मध्यरात्री प्रार्थना म्हणत असेल असं वाटतं, ते तिथे उभं राहिल्यावर पटतं.

आणि हे काव्य आपल्या हाती एकाच हस्तलिखितातून आलंय. ते रॉबर्ट कॉटनच्या संग्रहात होतं. १७३१ मध्ये त्या संग्रहाला आग लागली, अनेक हस्तलिखितं जळाली किंवा करपली, पण हे शाबूत राहिलं. आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच वहीत आणखी तीन काव्यं आहेत, आणि त्यातलं 'पर्ल', लहानगी मुलगी गमावलेल्या बापाचं, जरूर वाचा.

दगडफूल

सगळे आर्थरभोवतीच फिरताय, ला मांचाच्या म्हाताऱ्याला, डॉन किहोतेला, कुणी हात लावेना! स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसच्या त्या पुस्तकाचा पहिला भाग १६०५, दुसरा १६१५. शिव्हलरीच्या पुस्तकांची टर उडवणारं पुस्तक एवढीच त्याची ओळख करून देतात, त्याचा मला राग येतो.

कृष्णाकाठ यांच्या आक्षेपाला खरं उत्तर मला इथे दिसतं. चौथ्या प्रकरणात डॉन किहोतेला रानात ओकच्या झाडाला बांधलेला एक पंधरा वर्षांचा पोरगा दिसतो, आंद्रेस. मालक पट्ट्याने फोडून काढतोय, कारण मेंढ्या हरवतात. पोरगा म्हणतो, माझा नऊ महिन्यांचा पगार थकलाय. डॉन किहोते मालकाला भाल्याच्या धाकाने पोराला सोडायला लावतो, पगार देण्याची शपथ घ्यायला लावतो आणि नाइटचा धर्म पाळल्याच्या समाधानात निघून जातो. तो दिसेनासा झाला की मालक पोराला पुन्हा त्याच झाडाला बांधतो आणि मरेस्तोवर मारतो.

पुस्तक इथे थांबलं असतं तर ती नुसती थट्टा झाली असती. पण एकतिसाव्या प्रकरणात आंद्रेस परत भेटतो. डॉन किहोते सगळ्यांसमोर मोठ्या अभिमानाने ती हकिगत सांगतो आणि पोराला साक्ष द्यायला लावतो. पोरगा साक्ष देतो: तुम्ही मध्ये पडला नसतात तर एक-दोन डझन फटक्यांवर भागलं असतं, तुमच्यामुळे मी इस्पितळात पडलो. आणि जाताना सांगतो, पुन्हा कधी मला कापून काढताना बघितलंत तरी मदतीला येऊ नका. नऊ महिन्यांचा पगार बुडालेला तो बुडालेलाच. तळटीप यांच्या रेशीम विणणाऱ्या मुली सुटल्या, आंद्रेस सुटला नाही, कारण सर्व्हान्तेसच्या जगात शपथ मोडणाऱ्या मालकाला पकडायला तिथे थांबून राहावं लागतं. एका दिवसाच्या पराक्रमाने गरिबाचं काम होत नाही.

हिरवाचाफा, तुमच्यासाठी मार्सेलाचं भाषण सुचवतो, चौदावं प्रकरण. तिच्यावर प्रेम करणारा एक तरुण झुरून मेलाय आणि सगळे तिला दोष देताहेत. ती अंत्यविधीच्या जागी कड्यावर उभी राहून सांगते: मी सुंदर आहे म्हणून माझ्यावर प्रेम करणाऱ्यावर मी प्रेम केलंच पाहिजे असं कुठे आहे? मी स्वतंत्र जन्मले, स्वतंत्र जगावं म्हणून हे रान निवडलं. डॉन किहोते तलवारीला हात घालून बजावतो, कुणीही तिच्या मागे जायचं नाही. आणि मग स्वतःच तिच्या मागे निघतो, सेवा अर्पण करायला.

हिरवाचाफा

दगडफूल, त्याचं ते मागे निघणं सगळ्यात जास्त पटतं मला. तिचं म्हणणं त्याने ऐकलं, मान्य केलं, दुसऱ्यांना लागू केलं आणि स्वतःला वगळलं. 'वाचवणारे' पुरुष आजही नेमके असेच वागतात.

कृष्णाकाठ

आंद्रेस मी विसरू शकत नाही, तरुणपणी वाचलेलं पुन्हा समोर आलं. आक्षेप मागे घेत नाही, पण तो थोडा बदलतो. समाज म्हणून शिव्हलरीने गुडघ्यावर बसलेल्यांना वगळलं. साहित्याने त्यांना कधीकधी आत घेतलं, आणि घेतलं तेव्हा नाइटची प्रतिमा डळमळली. मग दगडफूल, एक विचारतो: आंद्रेसची दशा दाखवणाऱ्या लेखकाला त्या आदर्शाबद्दल काही आस्था उरली होती का?

दगडफूल

उरली होती, आणि भरपूर. हा लेखक स्वतः १५७१ मध्ये लेपान्तोच्या आरमारी लढाईत लढला, डावा हात कायमचा निकामी झाला, पुढे अल्जिअर्समध्ये पाच वर्षं कैदेत होता. सैनिकाचा शब्द म्हणजे काय हे त्याने भोगलं होतं.

पुरावा म्हणून दुसऱ्या भागातला बार्सिलोनाचा किनारा बघा. पांढऱ्या चंद्राचा नाइट बनून आलेला गावचाच पदवीधर डॉन किहोतेला घोड्यावरून पाडतो, भाल्याचं टोक चेहऱ्याशी धरतो आणि म्हणतो, माझी प्रेयसी तुझ्या डुल्सिनियापेक्षा सुंदर आहे हे कबूल कर. जमिनीवर पडलेला म्हातारा खोल, थकलेल्या आवाजात सांगतो: डुल्सिनिया जगातली सर्वांत सुंदर स्त्री आहे, मी जगातला सर्वांत अभागी नाइट आहे, माझ्या दुबळेपणाने हे सत्य खोटं ठरू नये, भाला खुपस आणि प्राण घे, अब्रू तर घेतलीच आहेस. डुल्सिनिया अस्तित्वात नाही. चंद्राचा नाइट नकली. लढाईचा निकाल लागलाय. तरी या माणसाने शब्द बदलला नाही, आणि इथे लेखकाने त्याची थट्टा केलेली नाही. गॅवेनला जीव प्यारा झाला तिथे हा टिकला, असं मला वाटतं. तळटीप, यावर तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल.

तळटीप

टिकला, हे मान्य. पण फरक आहे. गॅवेनसमोर खरी कुऱ्हाड होती आणि तो शुद्धीत होता. ज्याला आपण मरणार हे ठाऊक आहे त्याने पट्टा लपवणं मला जास्त जवळचं वाटतं. डॉन किहोतेला हरण्याची भीतीच नव्हती, कारण त्याचं जगच त्या शपथेवर चाललं होतं. आणि आंद्रेसच्या बाबतीत मी तुमच्याही पुढे जाईन: तिथे शपथा दोन नव्हत्या, एकच होती, आणि ती पाळूनही पोराचं नुकसान झालं. माझ्या मूळ मांडणीत हे बसत नाही. पेच दोन शपथांतला असतो असं मी म्हणत होतो, इथे तो शपथ आणि तिचा परिणाम यांच्यातला आहे. यावर अजून वाचावं लागेल.

अबोली

मग पुढचा धागा 'तिरान्त लो ब्लांक'वर काढा, मी भर घालीन. जोआनोत मार्तोरेलचं हे पुस्तक व्हॅलेन्सियात १४९० मध्ये छापलं. डॉन किहोतेला वेड लावणारी त्याची शिव्हलरीची पुस्तकं जाळताना पाद्री नेमकं हे वाचवतो आणि कारण सांगतो: यातले नाइट जेवतात, झोपतात, आपल्या अंथरुणात मरतात आणि मरण्याआधी मृत्युपत्र करतात. तिरान्त खरंच आजाराने मरतो, रणात नाही. आणि डॉन किहोतेही शेवटी अंथरुणातच, मृत्युपत्र करून मरतो, तेव्हा सर्व्हान्तेसने ते वाक्य पहिल्या भागात सहज टाकलं नसावं असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी भाषांतर मिळतं. जाडजूड आहे, पण सुरुवातीची इंग्लंडमधली प्रकरणं वाचलीत तरी चर्चेला पुरेसं होईल.